नदीवर मक्ता कोणाचा?

भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसकडे जाणाऱ्या लाँचमध्ये आपल्यापैकी अनेकजण बसले असतील. तिकीट काढायचे, पोराचा हात घट्ट धरायचा आणि गर्दीत जागा शोधायची. या लाँचला पाण्यावर चालण्याची परवानगी कोणी दिली, दुसऱ्याला ती का मिळाली नाही, असा विचार तेव्हा कोण करतो? पण तो करायला हवा. परवाना हा आम्हा कारकून मंडळींच्या रोजच्या फायलीतला शब्द. कागदावर एक शिक्का पडतो आणि कोणाची चूल पेटते, कोणाची विझते. अशाच एका परवान्यावरून अमेरिकेत गाजलेल्या खटल्याच्या निकालाला २०२४ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्याची हकिगत आमच्या वाचकांनी, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींनी, जरूर वाचावी.

१८०७ साली रॉबर्ट फुल्टन याने न्यूयॉर्कहून आल्बनीपर्यंत हडसन नदीतून वाफेची बोट नेली. सुमारे दीडशे मैलांचे अंतर तिने ३२ तासांत कापले. फुल्टनचा भागीदार रॉबर्ट लिव्हिंग्स्टन हे मोठे प्रस्थ होते. त्याच्या वजनामुळे न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने या दोघांना राज्याच्या पाण्यात वाफेची बोट चालवण्याचा मक्ता दिला. दुसऱ्या कोणी बोट आणली तर ती जप्त! नदी निसर्गाची, पण तिच्यावरून जायचे तर दोन माणसांची परवानगी घ्यायची, असा हा न्याय होता. शेजारच्या न्यू जर्सी आणि कनेटिकट या राज्यांनी चिडून उलट कायदे केले. एकाच देशातील राज्ये बोटींवरून एकमेकांना पाण्यात पाहू लागली.

न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर आरन ऑग्डेन हा आधी या मक्त्याविरुद्ध लढला. जमेना तेव्हा त्याने मक्तेदारांकडूनच परवाना विकत घेतला आणि न्यू जर्सीतून न्यूयॉर्ककडे उतारू नेऊ लागला. थॉमस गिबन्स हा त्याचा भागीदार. दोघांचे बिनसले. गिबन्सने त्याच मार्गावर स्वतःची बोट सोडली. त्याच्याकडे मक्तेदारांचा परवाना नव्हता. पण १७९३ च्या केंद्रीय कायद्याखाली किनारी वाहतुकीसाठी मिळालेला परवाना होता. त्याच्या बोटीचा तरुण कप्तान कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट पुढे अमेरिकेतला मोठा धनाढ्य झाला.

ऑग्डेन न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला. तेथे त्याची सरशी झाली आणि गिबन्सच्या बोटींना मनाई झाली. गिबन्सने प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेले. त्याच्या वतीने डॅनियल वेबस्टर यांच्यासारखे नामांकित वकील उभे राहिले. २ मार्च १८२४ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला. त्याचा सारांश असा, की व्यापार म्हणजे केवळ मालाची खरेदी-विक्री नव्हे, जलवाहतूकही त्यातच येते. राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार घटनेने केंद्राच्या काँग्रेसला दिला आहे. केंद्राच्या कायद्याशी राज्याचा कायदा भिडला, तर राज्याच्या कायद्याने माघार घ्यावी. गिबन्सचा परवाना खरा ठरला आणि मक्ता मोडला. त्या पाण्यात बोटी वाढल्या, भाडी उतरली. ऑग्डेन मात्र कर्जबाजारी झाला आणि त्याला तुरुंगही पाहावा लागला.

येथे गोष्ट संपली असती तर चढाओढ चांगली, मक्ता वाईट, एवढे म्हणून आम्ही थांबलो असतो. पण हिशेबाला दुसरी बाजू असते. चढाओढीत कप्तान बोटींच्या शर्यती लावू लागले. वाफेच्या टाक्या फुटून उतारू मरू लागले. मक्ता मोडणाऱ्या निकालात टाकी कोणी तपासायची याची सोय नव्हती. ती करायला १८३८ साली वेगळा कायदा आला. तोही पुरा पडला नाही, म्हणून १८५२ साली तपासनीसांची नीट व्यवस्था असलेला दुसरा कायदा करावा लागला. म्हणजे परवाना हवाच, पण तो कोणाच्या तिजोरीसाठी नव्हे, उतारूच्या जिवासाठी हवा.

आता या कथेतला सर्वांत मोठा धडा. गिबन्स हा दक्षिणेतल्या जॉर्जियाचा मळेवाला, गुलाम बाळगणारा. समतेशी त्याला काही देणेघेणे नव्हते. परंतु जॉर्जियाच्याच अटलांटा शहरातील एका मोटेलचा मालक काळ्या माणसांना खोली देत नव्हता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ही बंदी बेकायदा ठरवली, तेव्हा तो कोर्टात गेला. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. काळ्या प्रवाशाला रस्त्यात निवारा मिळाला नाही, तर राज्याराज्यांतील प्रवासच अडतो, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. आणि आधाराला घेतला होता १८२४ चा तो बोटीचा निकाल! दोन सावकारांच्या भांडणातून निघालेले तत्त्व एकशे चाळीस वर्षांनी अपमानित माणसाच्या कामी आले.

आपल्या देशात ही वाट इतकी वळणाची नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या घटनेत समतेचा हक्क थेट लिहिला आहे. कलम १५ नुसार दुकान, हॉटेल, विहीर, स्नानाचा घाट, रस्ता येथे जातीवरून कोणाला अडवता येत नाही. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात सार्वजनिक वाहनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याला माणुसकीसाठी व्यापाराच्या कलमाचा आडोसा घ्यावा लागत नाही. अधिकारांची वाटणीही घटनेच्या सातव्या अनुसूचीत केली आहे. तर आणि होड्यांची वाहतूक राज्याच्या यादीत, राष्ट्रीय जलमार्ग केंद्राच्या यादीत आणि अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक बोटी समवर्ती यादीत आहेत. अशा बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा होता. त्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा आला. नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा या गोष्टी त्यात आहेत.

पण कायदा कागदावर असून भागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या उतारू बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. दोन्ही अपघातांची कारणे वेगळी, पण पाण्यात पडलेला माणूस तिकीट काढून बसलेला साधा उतारू होता.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. बोटीत चढताना किती उतारूंची परवानगी आहे ते विचारा. अंगात घालायचे जाकीट मागून घ्या, मुलांना आधी घाला. गर्दी जास्त दिसली तर पुढच्या फेरीने जा. उशीर झाला तर चालेल. आणि बोटीवर फलक असेल तर तो घरातल्या शाळकरी पोरीकडून मोठ्याने वाचून घ्या. शिकलेल्या पोरीने वाचलेला नियम मोडताना लाँचवाल्यालाही दहादा विचार करावा लागतो.