मीरा रोडचे बनावट कॉल सेंटर ते ‘डिजिटल अरेस्ट’ : भीतीची पटकथा तीच कशी? ज्येष्ठांना वाचवायचे कसे?

‘तुमच्या नावावर गुन्हा आहे. फोन ठेवू नका. घरात कोणाला सांगू नका.’ ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीचा सारा डोलारा अशा तीन वाक्यांवर उभा असतो. ही युक्ती नवी नाही. २०१६मध्ये मीरा रोडमधून हीच भीती दाखवून अमेरिकेतील नागरिकांना लुबाडले जात असल्याचे उघड झाले होते. तेव्हा फोन इथून जात होते. आता ते आपल्याच घरातील ज्येष्ठांना येत आहेत.

मीरा रोडमध्ये काय घडले होते?

ऑक्टोबर २०१६च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधील कॉल सेंटरवर छापे घातले. ७००हून अधिक कर्मचारी ताब्यात घेण्यात आले. सुमारे ७० जणांना अटक झाली, तर इतर बहुतेकांना नोटीस देऊन सोडण्यात आले. यात विशीच्या आसपासच्या तरुणांचा भरणा होता. मुख्य आरोपी म्हणून नाव आलेल्या सागर ठक्करला एप्रिल २०१७मध्ये मुंबई विमानतळावर अटक झाली.

याच प्रकरणाची एक बाजू फारशी चर्चेत आली नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी २०१७मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, तिथेच काम करणाऱ्या, नुकतीच अठरा-एकोणीस वर्षे पूर्ण केलेल्या दोन तरुणांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला फोन करून या उद्योगाची माहिती दिली होती.

फोनवर नेमके काय सांगितले जाई?

अमेरिकेत ‘आयआरएस’ म्हणजे प्राप्तिकर विभाग. कॉल सेंटरमधील कर्मचारी अमेरिकी नाव घेऊन, ‘मी आयआरएसमधून बोलतो आहे’ असे सांगत. कर थकला आहे, थोड्याच वेळात पोलीस दारात येतील, असा धाक घालत. फोन चालू ठेवूनच समोरच्या व्यक्तीला दुकानात पाठवले जाई. तिथे प्रीपेड कार्ड किंवा गिफ्ट कार्ड घ्यायचे आणि त्यावरचा क्रमांक फोनवर वाचून दाखवायचा. क्रमांक कळला की पैसे गेले.

यात संगणक हॅक करावा लागत नाही. माणूस घाबरला की तो स्वतःच्या हाताने पैसे देतो.

लक्ष्य कोण होते?

मीरा रोडच्या छाप्यानंतर काही आठवड्यांतच, २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, अमेरिकेच्या न्याय विभागाने याच पद्धतीच्या दुसऱ्या जाळ्याबाबत ६१ व्यक्ती आणि संस्थांवरील आरोपपत्र जाहीर केले. त्यात अहमदाबादमधील पाच कॉल सेंटर होती. किमान १५ हजार लोक फसवले गेल्याचे त्यात म्हटले होते. सॅन दिएगोतील ८५ वर्षांच्या एका महिलेकडून १२,३०० डॉलर उकळण्यात आले होते.

ज्येष्ठ आणि नव्याने स्थलांतरित झालेले लोक हे त्यांचे ठरलेले लक्ष्य होते. एकाला आयुष्यभर कायदा पाळल्याचा अभिमान, दुसऱ्याला देशातून हाकलले जाण्याची धास्ती. दोघांनाही चटकन विचारावे असे माणूस अनेकदा जवळ नसते. या खटल्यात अमेरिकेतील २४ जणांना शिक्षा झाल्या, काहींना २० वर्षांपर्यंतच्या.

‘डिजिटल अरेस्ट’मध्ये नवे काय?

आयआरएसच्या जागी पोलीस, सीबीआय, ईडी किंवा कस्टम्स आले. साध्या फोनच्या जागी व्हिडीओ कॉल आला. मागे पोलीस ठाण्याचा देखावा, अंगावर गणवेश, व्हॉट्सॲपवर न्यायालयाचा बनावट आदेश. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये दिसणारा क्रमांक बदलता येतो, त्यामुळे परदेशातून आलेला फोन भारतीय क्रमांकाचा भासतो. असे कॉल अडवणारी यंत्रणा केंद्राने ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच १.३५ कोटी कॉल अडवले गेले.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०२४मध्ये देशात सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. २०२३मध्ये हा आकडा ७,४६५ कोटी होता. हरियाणातील अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दाम्पत्याने एक कोटीहून अधिक रुपये गमावल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अरेस्टच्या तपासाची सूत्रे सीबीआयकडे दिली.

फोन करणारेही बळी?

काही वेळा तेही खरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपले गेले होते. नोकरीच्या आमिषाने तिथे गेलेल्यांत भारतीय तरुणही आहेत.

कायदा काय म्हणतो?

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येऊ शकते, पण कोणतीही यंत्रणा व्हिडीओ कॉलवर माणसाला डांबून ठेवत नाही किंवा ‘पडताळणी’साठी पैसे मागत नाही. अटक झालेल्याची माहिती नातेवाइकांना देणे बंधनकारक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२नुसार त्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्कही असतो. म्हणजेच ‘कोणाला सांगू नका’ हे वाक्यच कायद्याच्या विरोधात आहे.

खरी अडचण पुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाला भुर्दंड पडत नाही. पण इथे पैसे ग्राहकानेच पाठवलेले असतात, मग ते धाकापोटी का असेना. त्यामुळे हे संरक्षण सहसा मिळत नाही आणि ‘तुम्हीच पाठवले ना?’ हा प्रश्न पीडितालाच ऐकावा लागतो.

काय करावे?

- पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. रक्कम काही वेळातच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते. ती मधेच गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.
- राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. नुसता संशयास्पद फोन आला असेल तर ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ सुविधेत कळवा.
- कॉलचे स्क्रीनशॉट, क्रमांक आणि व्यवहाराचा तपशील पुसू नका.
- मुदत ठेव मोडून अनोळखी खात्यात मोठी रक्कम पाठवणाऱ्या ज्येष्ठांची बँक कर्मचाऱ्यांनी आवर्जून विचारपूस करावी.
- घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगून ठेवा : पोलिसांचा फोन आला तर तो ठेवून आधी मला फोन करा. पैसे गेले तरी रागावणार नाही, हेही सांगा. ओरडा बसेल या भीतीने अनेक जण गप्प राहतात आणि पैसे गोठवण्याची वेळ निघून जाते.