वार्धक्यांतील विषाद

“आतां वय झालें; असेंच व्हावयाचें,” हें वाक्य आपल्या घरांतून सहज उच्चारिलें जातें. आजीबाई जेवणावर वासना ठेवीत नाहींत, रात्री जाग्या असतात, नातवंडांच्या गलबल्यांतहि मुक्या बसतात. आणि याचें खापर वयाच्या माथीं फोडून आपण मोकळे होतों. आमच्या मतें हा आजीबाईंवर अन्याय आहे.

२०१७-१८ सालीं भारतांत झालेल्या देशव्यापी पाहणींत ४५ वर्षांचे व त्यापुढील स्त्रीपुरुष आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक जणांची विचारपूस झाली. साठीपुढील शेंकडा ८.३ जणांत नैराश्यविकाराचीं लक्षणें आढळलीं. परंतु ज्यांचा विकार वैद्यकीय तपासणींत ओळखला गेला होता, असे शेंकडा एकहि भरले नाहींत. पुरुषांपेक्षां स्त्रियांत, शहरांपेक्षां खेड्यांत, आणि जोडीदार हयात असलेल्यांपेक्षां विधवा-विधुरांत हें प्रमाण अधिक दिसलें. वय तर सर्वांचेंच झालें होतें. मग हा भेद कां?

उत्तर मागील आयुष्यांत शोधावें लागतें. त्या वेळीं पंचाहत्तरीस पोंचलेली स्त्री १९४२ च्या सुमारास जन्मलेली. १९५१ च्या खानेसुमारींत शंभर स्त्रियांत नऊहि साक्षर नव्हत्या. शिक्षण नाहीं म्हणून नोकरी नाहीं. नोकरी नाहीं म्हणून निवृत्तिवेतन नाहीं. वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क हिंदु मुलींस देशभर मिळाला तो २००५ सालीं, म्हणजे तिची साठी उलटल्यावर! पतीच्या पश्चात् औषधाची बाटली असो कीं माहेरच्या कार्याचें गाडीभाडें, तिला मुलाच्या तोंडाकडे पाहावें लागतें. जन्मभर जिचें मत कोणी विचारिलें नाहीं, ती आपलें दुःख तरी कोणत्या तोंडानें सांगणार?

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात, म्हणून तेथें एकटेपण नसतें, हा भ्रम आहे. ताटावर बोलावणें निराळें, आणि घरच्या विचारांत घेणें निराळें. वडील स्त्रियांच्या नांवें कांहीं रक्कम असावी, तिचा हिशेब कोणी मागूं नये. आणि खिन्नता दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांस दाखवावें. या वयांतहि औषधोपचारानें व समुपदेशनानें गुण येतो.

शेवटीं इतकेंच सुचवावेंसें वाटतें, कीं आजच्या सुनेचें म्हातारपण आजच घडत आहे. तिचें शिक्षण, तिची मिळकत व तिचा शब्द यांस घरांत आज किती मान आहे, हें प्रत्येक कुटुंबानें आपणांसच विचारून पाहावें.