वाऱ्याला वाट द्या!

आमच्या रावेतला आता उंच उंच इमारती झाल्या आहेत. वारा सुटला, की दोन इमारतींमधून जाताना टोपी धरून ठेवावी लागते. भिंतीच्या आडोशाला गेलं, की मात्र वारा गप्प! आणि नेमका तिथंच वाळक्या पानांचा नि कपट्यांचा ढीग. असं का बरं? जोरात असतो तोवर वारा ओझं वाहून नेतो. आडोशाला त्याचा जोर ओसरतो, मग ओझं तिथंच टाकतो.

आता पानांच्या जागी बर्फाचा भुगा आहे, असं समजा. अंटार्क्टिकावर १९८३-८४ मध्ये भारतानं 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं संशोधन केंद्र बर्फाच्या थरावर उभारलं. शास्त्रज्ञ तिथं राहून काम करत. पण भोवती बर्फ साचत गेला नि केंद्र हळूहळू गाडलं गेलं. १९९० मध्ये ते सोडावं लागलं. तिथं आडोसासुद्धा शत्रू ठरतो, बरं का!

मग 'भारती' केंद्र कसं बांधलं? १३४ कंटेनर जोडून, वर गुळगुळीत आवरण घालून, पोलादी खांबांवर उचलून! २०१२ पासून ते सुरू आहे. खालच्या मोकळ्या जागेतून वारा जातो आणि बर्फही पुढं नेतो. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्याचा कारभार पाहतं.

पण बर्फ कुठं साचणार, हे आधीच कसं कळावं? इथं संगणक मदतीला येतो. इमारतीभोवतीच्या हवेचे तो लाखो छोटे चौकोनी ठोकळे कल्पितो आणि प्रत्येकातल्या वाऱ्याचा वेग नि दिशा गणितानं काढतो. वेग फार कमी झाला, की तिथं बर्फ साचणार! मग पडद्यावरच इमारत उचलून, वळवून पाहायची. चूक झाली तरी कुणी गाडलं जात नाही.

तुम्हीही करून पाहा. फरशीवर दोन कंपासपेट्या आडव्या ठेवा. एकीच्या दोन्ही टोकांखाली खोडरबर द्या. समोर थोडा रवा पसरा आणि टेबलफॅन हळू लावा. तोंड मात्र दूर ठेवा, डोळ्यांत रवा जाईल! कुठल्या पेटीपाशी जास्त रवा साचला? वहीत चित्र काढून ठेवा. आणि हो, नंतर फरशी आईला झाडायला लावू नका!