घटस्फोट झाला, पण पक्का झाला का?

घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडून असेल, तर नवरा-बायको दहा वर्षे वेगळे राहत असले तरी कायद्याच्या लेखी ते नवरा-बायकोच असतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 5 सांगते, की लग्नाच्या वेळी वधू-वरांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा. ही अट मोडून लावलेले लग्न कलम 11 नुसार मुळातच रद्दबातल असते. शिवाय तो गुन्हाही आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद, आणि नव्या जोडीदारापासून पहिले लग्न लपवले असेल तर दहा वर्षांपर्यंत.

स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबून दुसरी सोयरीक करणारेही कमी नाहीत. रूढीने होणारा काडीमोड कायद्याला मान्य आहे, पण जातीत तशी जुनी रूढी असल्याचे सिद्ध करावे लागते. ते काम नोटरीच्या शिक्क्याने होत नाही.

हुकूमनामा हाती आल्यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक. कलम 15 नुसार पुन्हा लग्न करता येते ते अपिलाचा हक्कच नसेल, अपील न होता मुदत संपली असेल किंवा अपील फेटाळले गेले असेल तेव्हा. मुदत किती, यावरच बराच काळ वाद होता. हिंदू विवाह कायद्यात 2003 पासून 90 दिवस, तर कुटुंब न्यायालय कायद्यात 30. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये 90 दिवसांच्या बाजूने कौल दिला. कुटुंब न्यायालयाने परस्परसंमतीने दिलेल्या घटस्फोटावर मात्र अपील नाही, त्यामुळे तेथे थांबणेही नाही.

या मुदतीत कोणी घाईने बोहल्यावर चढलेच तर? कलम 15 मनाई करते, पण असे लग्न रद्दबातल असल्याचे कोठेही म्हणत नाही. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अपील प्रलंबित असताना झालेले एक लग्न वैध ठरवले. त्या प्रकरणात तडजोड होऊन अपील मागे घेण्याचा अर्ज आधीच दाखल झाला होता, हे विसरता कामा नये. अपिलात हुकूमनामाच उलटला, तर पहिले लग्न पुन्हा उभे राहते आणि दुसरे अडचणीत येते.

रद्दबातल लग्नातली मुले कलम 16 मुळे औरसच मानली जातात. पहिले लग्न लपवून फसवल्या गेलेल्या स्त्रीलाही पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे.