बारावीचा निकाल नववीत

महाराष्ट्रात शाळेचा हिशेब दहावीच्या परीक्षेत एकरकमी होतो. नववीत कोणी काय दिवे लावले, सहामाहीला गणितात किती पडले, हे बोर्डाच्या गुणपत्रिकेला ठाऊक नसतं. म्हणून दहावी लागली की घरातला टीव्ही बंद होतो आणि नववी मात्र कोणाच्या लक्षात न येता निघून जाते. अमेरिकेत हिशेबाची वहीच वेगळी. तिथलं हायस्कूल बहुतेक ठिकाणी नववी ते बारावी असं चार वर्षांचं. नववीतल्यांना फ्रेशमन म्हणतात, दहावीतल्यांना सोफोमोर. न्यू यॉर्कच्या रीजंट्ससारख्या परीक्षा काही ठिकाणी आहेत, पण हायस्कूलचा डिप्लोमा मुख्यतः मिळतो तो साठवलेल्या क्रेडिटांवर. वर्षभर एक विषय शिकून पास झालं की एक क्रेडिट, सहामाहीचं अर्धं. शिकागोच्या सरकारी शाळांत अशी २४ लागतात. हॉलिवूडने आपल्या डोक्यात बारावीच भरवली आहे: प्रॉमचा नाच, कॉलेजचे अर्ज, हवेत उडवलेल्या टोप्या. माझं म्हणणं असं, की या मुलांचा निकाल बारावीत फक्त जाहीर होतो. लागतो तो नववीत. आणि तो हुशारीपेक्षा हजेरीवर आणि वेळेवर दिलेल्या कामावर लागत असल्यामुळे शाळेने मनावर घेतलं तर बदलताही येतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा शिकागोतलाच आहे. शिकागो विद्यापीठातल्या शालेय संशोधन गटाच्या एलेन अ‍ॅलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये एक साधी कसोटी मांडली. नववीच्या अखेरीस मुलाकडे किमान पाच क्रेडिटं असावीत आणि मुख्य विषयांत मिळून सहामाहीचा एकापेक्षा जास्त ‘एफ’, म्हणजे नापासाचा शेरा, नसावा. तसं असेल तर मूल ‘ऑन-ट्रॅक’, म्हणजे मार्गावर. १९९९च्या सुमारास नववीत आलेल्या मुलांना त्यांनी ही कसोटी लावली. मार्गावर असलेल्यांपैकी ८१ टक्के चार वर्षांत डिप्लोमा घेऊन बाहेर पडले, मार्ग सुटलेल्यांपैकी जेमतेम २२ टक्के. दोन वर्षांनी त्याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: ‘एफ’ येतो कशामुळे? आठवीच्या चाचणीतल्या गुणांपेक्षा वर्गातली हजेरी नापास होण्याचं आठपट अचूक भाकीत करते, असं उत्तर निघालं. आठवीत उत्तम गुण मिळवून आलेला, पण सहामाहीत दोन आठवडे वर्ग बुडवणारा मुलगा, कमी गुणांच्या पण एकच आठवडा गैरहजर असणाऱ्या मुलापेक्षा नापास होण्याची शक्यता जास्त. ‘मुळात डोकं पाहिजे’ असं म्हणणाऱ्यांनी या ओळीपाशी जरा थांबावं.

डोकं असलेली मुलं अचानक वर्ग का बुडवू लागतात, हे समजायला त्या वर्षाची घडण पाहावी लागते. शिकागोत प्राथमिक शाळा बहुधा आठवीपर्यंत असते. तिथे दोन-तीन शिक्षक मुलाला नावानिशी, घरच्या परिस्थितीसकट ओळखतात. ऑगस्टच्या अखेरीस तेच मूल नव्या इमारतीत येतं. हातात वेळापत्रक, लॉकरचं कुलूप, दर तासाला नवी खोली आणि नवा शिक्षक, आणि त्या शिक्षकासमोर दिवसभरात शंभरावर चेहरे. सप्टेंबर-ऑक्टोबरात होमकमिंगचा फुटबॉल सामना आणि नाच असतो. ज्युनिअर संघात निवड, बँड, क्लब यांची धामधूम असते. याच गडबडीत सकाळचा पहिला तास सुटतो. हजेरी तासागणिक असल्याने मूल ‘शाळेत’ असतं, फक्त बीजगणितात नसतं. शिक्षक समजतात, मोठी झाली आहेत, आपली जबाबदारी आपण घेतील. घरी समजतात, शाळेत आहे म्हणजे शिकतच असेल. या दोन समजुतींच्या फटीतून चौदा वर्षांचं पोर घसरतं.

गुणांची पद्धत ती घसरण वेगाने वाढवते. बऱ्याच शाळांत ९०च्या वर ‘ए’, ८०च्या वर ‘बी’ अशा पायऱ्या असतात आणि ६०च्या खाली ‘एफ’. समजा पाच गृहपाठ आहेत आणि मुलीला प्रत्येकात ८५ मिळवता येतात. तिने एक दिलाच नाही, तर तिथे शून्य पडून सरासरी ६८ होते; ‘बी’ची मुलगी ‘डी’वर येते. दोन दिले नाहीत तर सरासरी ५१, म्हणजे नापास. तिला विषय येतो की नाही, हा प्रश्न या बेरजेत कुठेच नाही. शून्याऐवजी ५० द्यावेत का, यावर तिथल्या शिक्षकांत हमरीतुमरीचे वाद होतात. मला ५०चा नियम फारसा पटत नाही, कारण न केलेल्या कामाचे अर्धे गुण ही पळवाटच आहे. उशिरा का होईना, ते काम करून घेणं जास्त सरळ.

शिकागोच्या शाळांनी पुढे मुलं नापास होण्याआधीच त्यांना गाठायचं ठरवलं. सहामाही संपण्याची वाट न बघता कोणाची हजेरी घसरली, कोण कुठल्या विषयात ‘एफ’च्या काठावर आहे, याच्या याद्या शाळांच्या हाती पडू लागल्या आणि नववीचे शिक्षक एकत्र बसून एकेका नावावर बोलू लागले. मार्गावर असलेल्या मुलांचं प्रमाण २००७ मध्ये ५७ टक्के होतं, ते २०१३ मध्ये ८२ टक्क्यांवर गेलं. इथे साहजिक शंका येते, की शिक्षकांनी हात सैल सोडला असणार. आपल्याकडे दहावीचा शंभर टक्के निकाल लावण्यासाठी कच्ची मुलं नववीतच गाळल्याच्या तक्रारी आपण ऐकलेल्या आहेत. आकड्याला बक्षीस लागलं की आकडा वाकतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण वाकवलेला आकडा पुढे कुठेतरी उघडा पडतो. नववी नुसती ढकलली असती, तर ती मुलं दहावी-अकरावीत अडकली असती. लवकर सुधारलेल्या वीस शाळा संशोधकांनी तपासल्या, तेव्हा तिथलं डिप्लोमा मिळवण्याचं प्रमाणही ८ ते २० टक्के-बिंदूंनी वाढलेलं दिसलं. अकरावीपर्यंत टिकणारी मुलं वाढूनही एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेची सरासरी जवळपास होती तिथेच राहिली. एखाद्या शाळेत सढळ हाताने गुण वाटले गेले नसतील असं नाही. एवढी वाढ मात्र नुसत्या सढळपणातून होत नाही.

दुसरा आक्षेप अमेरिकेतल्या मराठी घरांतून येतो, न्यू जर्सीतल्या, कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या. आमची मुलं नापास होत नाहीत, आमची चिंता कॉलेजची. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ तर प्रवेशासाठी सरासरी काढताना नववीचे गुण धरतच नाही. हे खरं आहे. ते विद्यापीठ नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे गुण मोजतं. पण आवश्यक विषयांच्या यादीत नववीचे विषय धरले जातात आणि त्यांत किमान ‘सी’ लागतो. शिवाय गणिताची शिडी नववीतच भिंतीला टेकवली जाते. नववीत बीजगणित, दहावीत भूमिती, अकरावीत बीजगणिताचा दुसरा भाग, बारावीत प्री-कॅल्क्युलस, अशी रूढ वाट आहे. या वाटेने बारावीपर्यंत कॅल्क्युलस येतच नाही. इंजिनिअरिंगचं स्वप्न असेल तर बीजगणित आठवीतच उरकून नववीत भूमितीला बसावं लागतं, नाहीतर मधल्या उन्हाळ्यात एक विषय कोंबावा लागतो. पुढच्या वर्षीचे विषय बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत निवडतात. त्या फॉर्मवर सही करणाऱ्या आईबाबांना ‘आत्ता कुठे नववी’ असंच वाटत असतं.

उन्हाळी वर्ग आणि ऑनलाइन भरपाई आहेच, मग एवढी धास्ती कशाला, असंही विचारलं जातं. भरपाई होते, पण सुटलेलं बीजगणित भरून काढताना चालू भूमिती थांबत नाही. ज्याला एक झेपलं नव्हतं त्याच्या पाठीवर दोन येतात.

हे ओझं पडतं ते दहावीत, आणि दहावीकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. फ्रेशमनचं स्वागत होतं, अकरावीत एसएटीची धावपळ असते, बारावीचा सोहळा असतो. सोफोमोरच्या वाट्याला पीएसएटीची रंगीत तालीम आणि, शिकागो जिथे आहे त्या इलिनॉयसारख्या राज्यात, पंधराव्या वर्षी मिळणारं शिकाऊ ड्रायव्हिंग परमिट. इलिनॉयने शाळांचं मूल्यमापन करताना ‘नववीतली किती मुलं मार्गावर’ हा निकष राज्यभर लागू केला, हे चांगलंच झालं. पण त्या निकषाची मुदत नववीबरोबरच संपते. जूनमध्ये पाच क्रेडिटं आणि एक ‘एफ’ घेऊन काठावर पास झालेला मुलगा राज्याच्या हिशेबात यशस्वी ठरतो. ऑगस्टमध्ये तो भूमितीच्या वर्गात येतो, तेव्हा त्याच्या बीजगणिताच्या अर्ध्या क्रेडिटाची भरपाई बाकीच असते.