वाट गावाची, राखणही गावाचीच



पाऊस लागला की मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या अकोले तालुक्याकडे वळतात. कोणी बारीला उतरतात, कोणी रतनवाडीला, कोणी पाचनईला. पाठीवर पिशवी, पायात बूट अशी ही मंडळी एवढ्या लांबून कशासाठी येतात? ज्या वाटेने आपण गुरे चारायला गेलो, हिरडा गोळा करायला गेलो, तीच वाट चालण्यासाठी! आपल्याला त्याचे नवल नाही. पण या वाटेने आता पैसा चालतो आहे. तो गावात किती थांबतो आणि मागे काय ठेवून जातो, याचा हिशेब मांडायची वेळ आली आहे.

आपल्याकडे आहे तरी काय?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचे हे पश्चिम टोक म्हणजे सह्याद्रीचा माथा. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, आपल्याच हद्दीत. पायथ्याला बारी गाव. नवरात्रात देवीच्या दर्शनाला आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या हीच वाट चढत आले. रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर. तिथून जंगलातून वाट रतनगडावर जाते. याच डोंगरात प्रवरा उगम पावते आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाला मिळते. हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. साम्रदला सांदण दरी आहे. पाचनईहून अडीच-तीन तासांत हरिश्चंद्रगड, वर केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा.

रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि पुढे हरिश्चंद्रगड, अशी दोन-तीन दिवसांची वाटही आहे. मुरलेले भटके खास तिच्यासाठी येतात. १९८६ साली हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला. म्हणजे जंगल वन विभागाच्या ताब्यात, पण वाट ठाऊक आहे ती आपल्या माणसाला. कोणत्या ओहोळाला कधी पाणी चढते, कुठली कातळपट्टी निसरडी, हे कुठल्याही नकाशात सापडत नाही. हीच आपली खरी पुंजी.

पैसा येतो, पण थांबतो कुठे?

साधा हिशेब करू. वीस जणांचा गट शनिवारी आला, एक मुक्काम करून रविवारी परतला. शहरातल्या आयोजकाने जेवण, तंबू, वाटाड्या सगळे बरोबर आणले, तर गावाला मिळते काय? गाडी उभी करण्याचे थोडेफार पैसे आणि सोमवारी उचलायला बाटल्या-पिशव्यांचा ढीग.

आता तोच गट गावात जेवला असे धरा. माणशी दोन जेवणे, दीडशे रुपये दराने सहा हजार. दोन वेळचा चहा-नाष्टा, पन्नास रुपये दराने दोन हजार. दोन वाटाडे, दोन दिवस, रोजचे हजार रुपये, म्हणजे चार हजार. एकूण बारा हजार रुपये. हे दर उदाहरणादाखल घेतले आहेत, आपण आपल्या गावाचे आकडे घालून बघा. नाचणी, वरई, आंबेमोहोर तांदूळ बाजारात नेला की व्यापारी म्हणेल तो भाव. पण त्याच नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा पाहुण्यापुढे ठेवला की पिकाची मजुरीही सुटते आणि घरच्या बाईच्या हाताला दामही मिळतो. मात्र पैसे तिच्याच हातात पडले पाहिजेत, हे विसरू नका.

एक धोका आधीच सांगतो. रस्त्याकडेच्या चार घरांनाच सगळे पाहुणे आणि वरच्या वाडीला काहीच नाही, असे झाले की गावात दुही पडते. म्हणून पाळी लावा. आज या घरी जेवण, उद्या त्या घरी. वाटाड्यांचीही यादी करा आणि क्रमाने पाठवा.

वाट आहे की ओढा?

आता माझ्या खात्याच्या जवळचा विषय. घाटघरच्या बाजूला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात हजारो पाय एकाच वाटेने गेले की गवत मरते, माती सुटते आणि वाट खोल होत जाते. मग पाणी त्या वाटेनेच धावते. दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. लोक चिखल टाळायला बाजूने चालतात, तिथलेही गवत जाते. सुटलेली माती येते कुठे? खाली आपल्याच भातखाचरात, नाहीतर धरणात.

यावर उपाय आपल्याला नवा नाही. समतल चर आणि दगडी बांधाची कामे आपण केलीच आहेत. तोच नियम इथे. उतारावर पाणी धावू द्यायचे नाही. सरळ उभी वाट मोडून नागमोडी करावी. ठरावीक अंतरावर दगडांची तिरकी ओळ वाटेत पुरावी, म्हणजे पाणी बाजूच्या झाडीत निघून जाते. जास्त चढावर दगडी पायऱ्या बसवाव्यात. आडवाटा काट्याकुट्यांनी बंद कराव्यात. पण अभयारण्यात एक दगडही वन विभागाच्या संमतीशिवाय हलवू नका. आधी वनरक्षकाला बरोबर घेऊन वाट पाहा, मग वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज द्या.

झरा, वणवा आणि काजवे

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये आपल्या बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी लांब जावे लागते. सगळा भरवसा झऱ्यावर आणि टाक्यावर. त्यात कोणी साबण लावून भांडी घासली, काठावर शौचाला बसले, तर आजारी पडणार आपली लेकरे. पाण्यापासून लांब शौचाची जागा ठरवून द्या.

उन्हाळ्यात एक न विझवलेली शेकोटी अख्खा डोंगर पेटवू शकते. चारा जातो, हिरड्याची रोपे जातात. चूल फक्त नेमून दिलेल्या जागीच पेटवावी.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, जांभूळ, सादड्यावर काजवे चमकतात. हा त्यांचा जोडीदार शोधण्याचा काळ. गाड्यांचे दिवे, बॅटऱ्यांचा झोत पडला की त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. जोडी जमली नाही तर पुढची पिढी नाही, आणि काजवे नाहीत तर पाहुणेही नाहीत. गाड्या गावाबाहेर उभ्या करून मंडळींना अंधारात चालत नेणे, यातच सगळ्यांचे भले.

जीव पहिला

पाऊस असताना सांदण दरीत कोणाला उतरू देऊ नये. वर पाऊस झाला की दरीत लोंढा येतो, पळायला जागा नसते. कड्याच्या टोकाशी कोणी जाणार नाही, हे वाटाड्याने पाहावे. आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. पाहुणा चार पैसे जास्त देतो म्हणून वाटाड्याने चुकीच्या वेळी वर नेऊ नये.

ग्रामसभेने काय करावे?

१) वनहक्क कायदा २००६ प्रमाणे सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर असेल, तर जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. दावा केला नसेल तर कागद पुढे सरकवा. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याचेही बळ आहे.

२) जेवण, मुक्काम, वाटाड्याचे दर ठरावाने निश्चित करून वेशीवर फलक लावा.

३) येणाऱ्या प्रत्येक गटाची वहीत नोंद ठेवा. नाव, संख्या, कुठली वाट, परतीची वेळ. कोणी परतले नाही तर पहिली मदत या वहीचीच होते.

४) फलकावर क्रमांक लिहा. रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, वन विभाग १९२६.

५) वाटाड्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण द्या. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती करा.

६) मिळकतीतला ठरावीक हिस्सा वाट दुरुस्ती आणि झऱ्याच्या साफसफाईसाठी बाजूला काढा. हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा.

७) ज्यांची किमान एक एकर शेती आहे त्यांनी २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणाची माहिती घ्यावी. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

हे सगळे एका वर्षात होणार नाही. या हंगामात वही, दरफलक आणि झऱ्याची राखण एवढे तीन तरी करा. त्याला खर्च थोडा, एकी मात्र हवी. सरपंच, पोलीस पाटील आणि वनरक्षक एका सतरंजीवर बसले की अर्धे काम झालेच म्हणायचे. पाहुणा येतो आणि जातो. डोंगर, पाणी आणि आपण इथेच राहणार आहोत, हे ध्यानात ठेवून वाट दाखवा. आणि हो, वाट दाखवताना गावाची वाट लागू देऊ नका!