बॉनेट उघडताना (भाग ९) : नळ आधी फुसफुसतो

मागच्या आठवड्यात आपण इंजिनातल्या पाण्याचा फेरा पाहिला. पंप पाणी ढकलतो, ते सिलिंडरभोवतीची उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये सोडतं आणि परत येतं. आज त्यापुढचा, खिशाला चटका देणारा प्रश्न : रेडिएटर नवा, पंप नवा, होज नवे; तरीही टेंपरेचरचा काटा वर का चढतो?

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या माझ्या शेजाऱ्याची गाडी अशीच जांबोरी मैदानाच्या कडेला उभी होती. गॅरेजवाला आता हेड उतरवायचं म्हणत होता. "बदलायचं काय राहिलंय ते तरी सांग," शेजारी वैतागून म्हणाला. मी विचारलं, "गरम कधी होते?" ते मात्र त्याने नीट पाहिलंच नव्हतं.

निदानाची सुरुवात इथूनच होते. वरळी नाक्याच्या सिग्नलला रखडल्यावर काटा चढतो आणि सी लिंकवर वेग धरला की उतरतो, तर संशय पंख्यावर. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, उभी असताना तो पंख्यालाच आणावा लागतो. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. आजच्या गाड्यांत तो विजेवर चालतो आणि सेन्सरच्या हुकमाने सुरू होतो. दुरुस्तीत त्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या, तर पंखा उलटा फिरून वाऱ्याशीच भांडतो.

उलट, गर्दीत ठीक आणि वेगात गरम, तर पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदला असेल, खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होत असेल किंवा थर्मोस्टॅट उलटा बसला असेल. हा साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा दरवाजा. त्याचं स्प्रिंगचं तोंड इंजिनाकडे असावं लागतं. "आपल्याकडे थंडी कुठे असते?" म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. पण काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तापलेलंच परत येतं.

रेडिएटरचं झाकणही दुर्लक्षू नका. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने सुमारे १ बार दाब धरला, तर १२० अंशांच्या आसपास. रबर झिजलेलं जुनंच झाकण नव्या रेडिएटरवर बसवलं, की ही सवलत गेली.

शेजाऱ्याने दोन दिवस लक्ष ठेवलं. त्याचा काटा गर्दी-वेग काहीच पाहत नव्हता; मध्येच उसळायचा, मध्येच पडायचा. मी हीटर लावायला सांगितला. मुंबईत ते बटण कोण फिरवतो? इंजिन तापलेलं, आणि हीटरमधून वारा मात्र गार!

चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्याला यापुढचं समजवावं लागत नाही. पाणी जाऊन परत आलं की नळ आधी फुसफुसतो, थुंकतो, मग धार धरतो. पाइपातली हवा निघाल्याशिवाय पाणी सरळ येत नाही. इंजिनातही तसंच. दुरुस्तीसाठी पाणी काढलं की आत हवा शिरते. नंतर वरून घाईने भरलं तर ती हेडच्या किंवा हीटरच्या वळणात अडकते. तिथे पाणी पोचत नाही, धातू तापतो आणि सेन्सर कधी पाण्यात, कधी वाफेत असतो. म्हणून काटा उड्या मारतो.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना आम्ही गाडी चढावर, नाक वर करून लावली. झाकण उघडलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन सुरू केलं. (तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये, उकळतं पाणी अंगावर येतं.) थोड्या वेळाने बुडबुडे आले, पातळी झपकन खाली गेली. कूलंट घालत राहिलो. बुडबुडे थांबले, हीटरचा वारा गरम झाला, तेव्हा झाकण लावलं. मग पंखा आपणहून सुरू झाला आणि बंदही झाला.

बुडबुडे थांबलेच नसते, रात्रभर उभ्या गाडीचा होज सकाळी दगडासारखा कडक लागला असता किंवा बाहेर थेंब न सांडता पाणी रोज कमी झालं असतं, तर गॅरेजवाल्याचा संशय रास्त होता : हेड गॅसकेटमधून जळका गॅस पाण्यात शिरतोय. तरीही हेड उतरवण्याआधी एक स्वस्त चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या रसायनातून ओढायची. ते पिवळं पडलं, तरच पाने हातात घ्यायचे.

शेजाऱ्याच्या टाकीवर मी पेनाने रेघ मारून ठेवली होती. आठवडा झाला, पातळी रेघेवरच आहे.

(पुढच्या आठवड्यात : हेड खरोखरच उतरवावं लागलं, तर गॅरेजमध्ये उभं राहून काय पाहायचं?)